विझलेला कापूस पहाटे पुन्हा का पेटतो?

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी वेचणी झाली की कापूस भावाची वाट बघत घरातच पडून राहतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत रचतो आणि आम्ही मागे झोपतो. मागच्या साली जवळच्या एका गावात असाच कापूस पेटला. लोकांनी बोअर चालू करून तास-दीड तास पाणी मारलं, जाळ विझला, धूरही थांबला. सगळे घरी जाऊन झोपले आणि पहाटे त्याच ढिगातून पुन्हा भडका उडाला. एवढं पाणी पिऊन कापूस परत पेटला कसा? आमचा पोरगा म्हणतो, ऑनलाइन लाल नळकांडं मागवू, ते भिंतीला असलं की काळजी नाही. ते कापसाला चालतं का?
– एक शेतकरी वाचक, सेलू तालुका

उत्तर : कापसाने पाणी पिलं, असं तुम्ही धरून चालला आहात. गोची तिथेच आहे. त्याने पाणी पिलंच नाही.

घरच्या घरी पाहता येईल. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात ढिगातल्या कापसाचा, सरकी काढलेला, लहानसा पुंजका टाका. दुसऱ्यात मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा तेवढाच पुंजका टाका. मेडिकलचा कापूस काही सेकंदांत ओला होऊन तळाला जातो. शेतातला वर तरंगत राहतो. बोटाने खाली दाबा, सोडलं की पुन्हा वर. बाहेर काढून उलगडला तर मधला भाग कोरडा सापडतो. शेतातल्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा फार पातळ थर असतो, झाडानेच दिलेला. मेणावर पाणी ठरत नाही. दवाखान्यासाठी कापूस तयार करताना तो क्षाराच्या पाण्यात उकळून हे मेण काढतात, तेव्हा कुठे तो जखमेचं रक्त टिपतो. सरकी काढून रुई केली तरी मेण जात नाही, त्यामुळे जिनिंगमधल्या गाठीचीही तीच गत.

आता तुमच्या खोलीतला ढीग डोळ्यांसमोर आणा. पाइपाने पाणी मारलं की ते वरच्या थरावरून आणि कडेने ओघळून जमिनीवर येतं. वरचा जाळ विझतो, वाफ निघते, खोलीभर काळं पाणी साचतं आणि बघणाऱ्याची खात्री पटते की झालं. हातभर आत मात्र कापूस कोरडा ठणठणीत असतो. ढिगात धाग्यांपेक्षा हवा जास्त. शिवाय जाळ करून पेटायला जेवढी हवा लागते त्याच्या निम्म्यातही कापूस धुमसू शकतो. मग निखारा जाळाशिवाय, फारसा धूर न दाखवता आतल्या आत सरकत राहतो. त्याचा वेग तासाला बोटभर-दोन बोटं इतकाच, म्हणून रात्री दहाला विझवलेल्या ढिगाला कडेपर्यंत यायला पहाट होते. कडेला आला, मोकळी हवा लागली, की जाळ. ती नवी आग नसते, रात्रीचीच असते. जिनिंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. ठिणगी आत घेऊन दाबली गेलेली गाठ कित्येक दिवस धुमसत राहून नंतर पेट घेऊ शकते, म्हणून संशयाची गाठ ते इतर गाठींपासून दूर उघड्यावर काढून ठेवतात.

या गुणापायी महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा स्फोट झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी कापसाच्या गाठींतून धूर दिसला. बंब आले, जहाजात शेकडो टन पाणी ओतलं गेलं. पण आग नेमकी कुठे धुमसते आहे ते सापडेना. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले, आसपासचे मेले ते शेकड्यांनी. त्या जवानांच्या आठवणीसाठी देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी सगळं गाव बाबासाहेबांच्या जयंतीत असतं, त्यामुळे हा सप्ताह कधी येऊन गेला ते बंबावरच्या जवानांशिवाय फारसं कुणाला कळत नाही.

मग असा ढीग विझवायचा कसा? सर्वांत आधी घराची लाइट मेन स्विचपासून बंद करा. चालू वायरीवर पाण्याचा फवारा मारून आगीऐवजी शॉकने माणूस जायचा. मग पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवा. बादलीला मूठभर पुरे. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ते मेणाला न जुमानता धाग्यांत शिरतं. अग्निशमन दलवालेसुद्धा कापूस, भुसा, कडबा अशा आगींना पाण्यात असंच द्रव्य मिसळतात. मघाच्या पेल्यात चिमूटभर पावडर टाकून बघा, तरंगणारा पुंजका खाली जाईल. आणि जाळ बसला की काम संपलं असं समजू नका, खरं काम तिथून सुरू होतं. दाताळ्याने ढीग फोडून, थोडा-थोडा कापूस बाहेर मोकळ्यावर ओढून, पातळ पसरून भिजवायचा. ढीग फोडताना हवा लागून जाळ उठतोच, म्हणून एकजण पाणी घेऊन शेजारी हवा. बाहेर काढलेला कापूस त्या रात्री घरात, गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ कुठेही परत न्यायचा नाही आणि आळीपाळीने राखण करायची. खोलीत धूर कोंडला असेल तर कापूस वाचवायला आत शिरू नका. धुमसणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि चक्कर आली हे कळेपर्यंत पाय साथ सोडतात.

आता पोराच्या नळकांड्याचं. घ्या जरूर, पण कापसासाठी नको. बाजारात घरगुती म्हणून मिळतं ते बहुतेक ‘एबीसी’ पावडरचं असतं. पावडर वरचा जाळ झटक्यात मारते, पण ढिगाच्या पोटात ती पोचत नाही. दोन किलोचं नळकांडं आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं. पुन्हा त्याच्या फवाऱ्याला जोर असतो, मोकळा कापूस उडून चार ठिकाणी पेटलेले पुंजके पडतील ते वेगळेच. कार्बन डाय ऑक्साइडचं नळकांडं कापसाला त्याहून कुचकामी, कारण ते निखारा थंड करत नाही आणि वायू विरला की हवा पुन्हा आपली जागा घेते. कापसाच्या खोलीपाशी भरलेला ड्रम, दोन बादल्या, साबण पावडरचा पुडा आणि दाताळं ठेवा. दिसायला गबाळं दिसेल, पण या आगीला तेच लागू पडतं.

स्वयंपाकघरातही नळकांड्याचा नंबर दुसराच लागतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर शेगडी बंद करायची आणि कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवायची, थंड होईपर्यंत उचलायची नाही. त्यावर पाणी टाकलं तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ होताना ती दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. जवळून मारलेला पावडरचा फवारासुद्धा तेल कढईबाहेर सांडवू शकतो. गॅसच्या नळीला जाळ लागला असेल तर आधी रेग्युलेटर बंद. गॅस चालू ठेवून नुसता जाळ विझवला तर खोलीत गॅस भरतो आणि पुढचा भडका आधीच्यापेक्षा मोठा.

मग ते कामाला येतं कुठे? पडदा, गादी, कूलर, टीव्हीमागची वायर, मोटरसायकल, स्वयंपाकघरातला ओटा, आणि आग अजून कचऱ्याच्या टोपलीएवढी असताना. त्याहून मोठी झाली तर नळकांडं टाकून बाहेर पडायचं. घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली आयएस १५६८३ हा क्रमांक बघा, दाबाच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. टांगायचं ते बाहेर पडण्याच्या दाराजवळ. शेगडीच्या वर टांगलेलं नळकांडं घ्यायला जाळातून हात घालावा लागतो, आणि बहुतेक घरांत ते नेमकं तिथेच टांगलेलं असतं. वापरताना पिन ओढायची, सहा-सात फुटांवर उभं राहायचं, पाठ दाराकडे ठेवायची, नेम जाळाच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी धरायचा आणि मूठ दाबून नळी डावी-उजवीकडे फिरवायची. एकदा थोडीशी जरी मूठ दाबली तरी ते पुन्हा भरून घ्यावं लागतं. झडपेत पावडरचे कण अडकून दाब हळूहळू निसटतो, आणि महिन्याभरात काटा लाल पट्ट्यात गेलेला असतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट मात्र तुम्ही विचारलेलीच नाही. कापूस पुढच्या खोलीत, तुम्ही मागे. म्हणजे घरातली सर्वांत पेटणारी वस्तू तुमच्या आणि दाराच्या मधे. मागच्या खोलीला परसदार असेल तर ठीक. ते असूनही रात्री त्याला बाहेरून कडी, आतून पाण्याचं पिंप आणि वर धान्याची पोती असतील तर ते दार नाही, भिंत आहे. कापूस हलवणं जमत असेल तर घरापासून वेगळा, आखाड्यावर किंवा अंगणापलीकडच्या खोलीत ठेवा. चोरीची भीती मी समजतो, म्हणून तर तो घरात आणता. ते जमत नसेल तर खोल्यांची अदलाबदल करा, माणसं पुढे आणि कापूस मागे. जागा तेवढीच लागते.

त्या खोलीत काय पेटतं तेही बघू. बिडी आणि चुलीतला विस्तव सगळे सांगतात. कमी बोललं जातं ते लाइटबद्दल. ढीग रचत रचत वर गेला की होल्डर कापसात बुडतो. साधा पिवळा बल्ब कापसाने वेढला गेला की त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि काच तापत जाते. कापूस वाळलेला असला की करपायला तेवढं पुरतं. त्या खोलीत बल्ब नकोच. एलईडी लावायचा तोही दाराबाहेर. भिंतीवरून गेलेली वायर उंदरांच्या तोंडची असते, कारण सरकीला उंदीर येतातच. त्या खोलीच्या लाइटीला वेगळं बटण करून कापूस असेपर्यंत ते बंद ठेवलं तर अर्धी काळजी मिटली. फवारणीचा पंप, डिझेलचं कॅन, मोटरसायकल यांनाही ती खोली नाही. आणि ओला कापूस रचू नका. सरकी दमट असली की ढीग आतून गरम होतो. त्याने थेट आग लागेलच असं नाही, पण कापूस पिवळा पडतो आणि सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर घेतच नाहीत.

पैशाचंही एक सांगून ठेवतो. घरात आणून ठेवलेला कापूस पीकविम्यात बसत नाही. घराचा विमा असेल तर त्यात घर आणि संसाराच्या वस्तू येतात, विक्रीसाठी ठेवलेला माल सहसा येत नाही. विमा काढताना एजंटाला हा प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

प्रश्न : आमच्या घरात एमसीबी बसवलेले आहेत. तरी उन्हाळ्यात कूलरच्या प्लगमधून जळका वास आला आणि पिन वितळली. एमसीबी पडला का नाही?
– एक वाचक, जिंतूर रोड, परभणी

उत्तर : कारण एमसीबीला त्यात काही गैर दिसलंच नाही. वायरीतून ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तर तो पडतो. तुमच्या प्लगमध्ये यातलं काही नव्हतं. कूलर रोजच्याइतकाच करंट घेत होता, पण सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली होती. सैल जोडात करंट अरुंद जागेतून जातो, ती जागा तापते, तापल्याने पट्टी आणखी सैल होते, आणि हे चक्र महिनोन्महिने चालतं.

एकदा कूलर बंद करून, बटण बंद करून प्लग उपसून बघा. एक पिन चकचकीत आणि दुसरी काळी-निळी, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी वर्तुळ, प्लास्टिकला माशासारखा उग्र वास, हे दिसलं तर ते सॉकेट त्याच दिवशी बदलायचं. त्या काळ्या पिनेला सॅंडपेपर मारून पुन्हा खोचणारे बरेच भेटतात. सॉकेट जुनंच राहिलं तर त्याने दोन आठवडे मिळतात.

परभणीत मार्चपासून पारा चढायला लागतो आणि मेमध्ये चव्वेचाळीसच्या पुढे जातो. कूलर दिवसरात्र चालतो. आठ महिने माळ्यावर धूळ खात पडलेला कूलर होळीला खाली येतो, गवताच्या नव्या जाळ्या लागतात आणि थेट चालू होतो. मोटरचं बेअरिंग जाम असेल तर पंखा फिरत नाही, पण मोटर करंट घेत तापत राहते. शेजारीच वाळलेलं गवत असतं. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी पातं हाताने फिरवून बघायचं, वायर तपासायची, पाणी भरून जाळ्या भिजल्यावरच पंखा लावायचा आणि पहिले दोन-चार तास घरात कुणीतरी जागं हवं. कूलर, फ्रिज आणि इस्त्री एकाच बोर्डाच्या पट्टीवर नको. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट आणि मीटरपासून वेगळी जाड वायर लागते. सहा अँपिअरच्या पट्टीवर तो चालतो खरा, आणि चालतो म्हणूनच लोक फसतात.

जुन्या घरात अजून चिनीमातीचे फ्यूज असतील तर उघडून बघा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्यात केसाएवढ्या तारेऐवजी वायरीचा जाड तांब्याचा तुकडा बांधलेला सापडेल. असा फ्यूज कधीच उडत नाही, त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते. एमसीबीसोबत आरसीसीबीही बसवून घ्या. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी शॉकपासून वाचवतो आणि करंट भिंतीत, पत्र्यात झिरपून लागणाऱ्या काही आगीही टाळतो. सैल सॉकेट मात्र त्यालाही दिसत नाही. ते हाताला आणि नाकालाच कळतं.

प्रश्न : आमचं खाली कपड्याचं दुकान आणि वर घर. जिना दुकानाच्या मागून. घरात कुठलं उपकरण ठेवावं?
– एक गृहिणी, कच्छी बाजार, परभणी

उत्तर : ताई, उपकरणाआधी जिन्याचं बोलू.

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच घरातले सात जण गेले. जाळ त्यांच्यापर्यंत पोचलाही नव्हता, ते धुराने गुदमरले. ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानात झोपलेले आई-वडील आणि दोन मुलं, तेही पहाटे. १८ मे २०२५ ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना पेटला, त्यात तिथेच राहणाऱ्या मालकाच्या घरच्यांसह आठ जण. तिन्ही ठिकाणी वेळ झोपेची, खाली किंवा शेजारी पेटणारा माल आणि बाहेर जायची वाट मालाच्याच बाजूने. सेलूच्या शेतकऱ्याला जे लिहिलं तेच इथे.

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येते, हा आपला समज आहे. झोपेत नाक फारसं काम करत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडने झोप उलट गाढ होते. आवाजाने मात्र जाग येते. म्हणून तुमच्या घरात पैसे घालायचेच तर पहिल्यांदा धुराच्या अलार्ममध्ये घाला. बॅटरीवर चालणारा, वायरिंग न लागणारा, हातावर मावणारा डबा असतो, धूर शिरला की कान किटवणारी शिट्टी मारतो. घेताना ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा मागा, कापडासारख्या धुमसणाऱ्या मालाचा धूर त्याला लवकर कळतो. एक दुकानाच्या छताला, एक वर झोपायच्या खोलीबाहेर. खालचा वाजला तर वर ऐकू येतो का ते रात्री दार लावून एकदा तपासा. येत नसेल तर एकमेकांना जोडलेले, एक वाजला की दोन्ही वाजणारे मिळतात ते घ्या. स्वयंपाकघरात लावू नका. मिरचीची फोडणी पडली की तो रोज बोंबलेल, आणि आठवड्याभरात घरातलं कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल. आपल्याकडची आणखी एक अडचण पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. पुष्कळ अलार्म चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. परभणीच्या मेमध्ये पत्र्याला चिकटवलेला अलार्म दुपारीच त्या मर्यादेपलीकडे जातो. वर पत्रा असेल तर तो जिन्यातल्या स्लॅबला किंवा पत्र्याखाली फूटभर लाकडी पट्टी ठोकून तिला लावा. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवायचा, म्हणजे पोरांनाही तो आवाज कशाचा ते कळतं.

आता वाट. जिना दुकानातून असेल तर आग लागल्यावर तो धुराड्याचं काम करतो, धूर सगळ्यात आधी तुमच्याकडे येतो. जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे दुकान आणि जिना यांच्यामधे, घट्ट बसणारं जाड लाकडी दार करून घ्या आणि रात्री ते लावूनच झोपा. बंद दार धूर बराच वेळ थोपवतं. दुसरी वाट गच्ची. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली त्याच दाराशेजारी खिळ्याला, कपाटात नव्हे. शेजारच्या गच्चीवर जाता येतं का हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. बाजारातल्या घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून असतात, ही जुन्या वस्तीची एक सोय. आणि खिडक्यांची ग्रिलं. चोराला अडवणारं ग्रिल आतल्या माणसालाही अडवतं. रस्त्याकडच्या एका तरी खिडकीचं ग्रिल बिजागरीचं, आतून उघडणारं करून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावायची सवय सगळीकडे दिसते. बॅटरीने पेट घेतला तर नेमकी बाहेर जायची वाट बंद होते. ती दिवसा, जागेपणी, मोकळ्यावर चार्ज करा.

धूर दिसला तर रांगत निघायचं, कारण धूर छताकडून खाली भरत येतो आणि जमिनीलगत हवा बरी असते. पोरांना उचलून, म्हाताऱ्यांना आधी, मागे दारं ओढून घेत. फोन बाहेर पडल्यावर. बंबाला १०१ किंवा ११२. पत्ता सांगताना घराचं नाव नको, रात्री दिसेल अशी खूण सांगा, आणि गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा करा. बाजारातल्या गल्ल्यांत बंब शिरत नाही तो पुष्कळदा लावलेल्या गाड्यांमुळे.

हे सगळं झाल्यावर चार किलोचं एबीसी नळकांडं दुकानाच्या दाराशी आणि एक लहान वर. वसमत रोडकडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांसाठी जाता जाता : २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत शेवटचं कधीचं आहे तेवढं विचारा. जिन्यातल्या होजची पेटी उघडून आत पाइप आहे का हेही बघा, बऱ्याच ठिकाणी तिथे झाडू असतो.

प्रश्न : गॅसच्या टाकीवर मुदत असते म्हणतात. ती कुठे बघायची? आणि वास आला तर पंखा लावायचा का?
– एक विद्यार्थी, कृषी विद्यापीठ परिसर

उत्तर : टाकीच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. बी-२८ असेल तर ती टाकी जून २०२८ पर्यंत, त्यानंतर तपासणीला जायला हवी. मुदत उलटलेली टाकी आणणाऱ्याला दारातूनच परत करा. तुमच्या हातातली मुदत नळीची, आणि ती फार कुणी बघत नाही. नारिंगी सुरक्षा नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. भाड्याच्या खोलीत आधीच्या पोरांनी सोडून गेलेली नळी असेल तर तिचं वय त्यावरच वाचा.

पंखा लावायचा नाही. बटण चालू करताना आणि बंद करतानाही आत ठिणगी उडते, म्हणून लाइट लागलेली असेल तर ती तशीच राहू द्यायची. रेग्युलेटर बंद करा, काढून टाकीला तिची टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, वर न जाता जमिनीलगत, मोरीत, पलंगाखाली साचतो. खोलीतल्या हवेत दोन टक्के मिसळला तरी पेटतो. त्यामुळे वरच्या खिडकीपेक्षा दार उघडं ठेवण्याचा उपयोग जास्त, आणि टाकी जमिनीपेक्षा खोल खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवायची नाही. मोबाइल बाहेर जाऊन लावा. गळतीसाठी चोवीस तास १९०६ हा क्रमांक आहे. गळती शोधायला काडी ओढणारे महाभाग होस्टेलवर नक्की भेटतील. जोडावर साबणाचा फेस लावायचा, गळत असेल तर बुडबुडे येतात.